चाव्या कोणाच्या हाती द्यायच्या?

येडगावच्या आसपास आता ऊस आणि टोमॅटोच्या हिशेबाबरोबर खोल्यांचाही हिशेब घरोघरी मांडला जातो. नारायणगाव हाकेच्या अंतरावर, पुणे-नाशिक महामार्ग जवळ. टोमॅटोच्या हंगामात बाजारात येणारे परप्रांतातले व्यापारी आणि हमाल, बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातल्या नर्स, खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या निमित्ताने येणारी माणसे, या सगळ्यांना राहायला जागा लागते. ज्यांचा तुकडा रस्त्याकडेला होता त्यांनी चार-सहा खोल्या काढल्या. ज्यांची मुले चाकणला, पुण्याला नोकरीला लागली त्यांनी भोसरी-मोशीकडे एखादा फ्लॅट घेतला आणि पुढे तोही भाड्याने दिला. घरातली वडीलधारी माणसे थकली, मुले सुटीपुरती येतात, आणि मग कधीतरी ठरते की खोल्या बघायला एक माणूस ठेवू.

माणूस ठेवायचा म्हणजे त्याला बोलावून विचारपूस आली. ती ओसरीवर चहा पिता पिता होते. तू कोणाचा? गाव कोणते? गाडी आहे का? पगार किती घेणार? आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचा म्हणून एक प्रश्न येतो: "भाडं वेळेवर काढशील ना?" तो म्हणतो, "काढतो की." तेवढ्यावर चाव्यांचा जुडगा त्याच्या हातात जातो. पुण्यामुंबईत हेच काम कंपन्या करतात, तिथे ओसरीच्या जागी वातानुकूलित खोली असते आणि उमेदवाराला इंग्रजीत बोलावे लागते. प्रश्नाचा गाभा मात्र तोच राहतो: वसुली करशील का?

माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न मुळातच चुकीच्या माणसाला निवडून देतो. भाड्याने दिलेली घरे सांभाळणाऱ्याची खरी कसोटी एकच आहे. मालक समोर नसताना, ज्याचा आवाज सगळ्यात लहान आहे अशा भाडेकरूशी तो कसा वागतो? मुलाखत ही कसोटी पाहण्यासाठी रचली पाहिजे. तशी ती रचता येते, आणि सहा खोल्यांच्या मालकालाही ती परवडते.

आधी हे काम म्हणजे काय ते नीट पाहू. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडे घ्यायचे आणि पावती द्यायची, हा त्यातला छोटा भाग. बाकीच्या दिवसांत सबमीटरचे आकडे टिपायचे, पाण्याची मोटार आणि टाकी बघायची, तुंबलेले ड्रेनेज मोकळे करून घ्यायचे, करारनाम्याची मुदत लक्षात ठेवायची, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची, खोली देताना आणि परत घेताना तिची अवस्था लिहून ठेवायची, डिपॉझिटचा हिशेब करायचा. फ्लॅट असेल तर सोसायटीशी पत्रव्यवहार आला. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने किती जादा शुल्क घ्यावे, याला राज्य सरकारने 2001 मध्ये मर्यादा घातली आहे, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हे ज्याला माहीत नाही तो मालकाचे पैसे दर महिन्याला घालवतो.

पण कामाच्या यादीपेक्षा महत्त्वाची आहे ती या माणसाच्या हातात येणारी सत्ता. प्रत्येक दाराची दुसरी चावी त्याच्याकडे असते. प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स त्याच्या पिशवीत असते. कोणती मुलगी एकटी राहते, कोणाचा पगार कोणत्या तारखेला होतो, कोणाच्या घरात भांडण आहे, हे त्याला कळते. वीज आणि पाणी यांची बटणे त्याच्या हाताखाली असतात. मालक महिन्यातून एकदा येतो, हा रोज असतो. भाडेकरूच्या दृष्टीने मालक म्हणजे हाच. इतकी सत्ता आपण एका प्रश्नावर आणि एका होकारावर सोपवतो, याची मला काळजी वाटते.

या कामासाठी माणूस लायक आहे की नाही हे दुसरे कोणी तपासत असते तर एक वेळ चालले असते. तसे कोणी तपासत नाही. 2016 च्या रेरा कायद्याखाली घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात महारेराने 2023 मध्ये त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. हे सगळे विक्रीपुरते आहे. घर भाड्याने देणारा आणि भाड्याचे घर सांभाळणारा त्या कायद्याच्या बाहेर राहतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात मालमत्ता व्यवस्थापकाची स्वतंत्र तरतूद आहे. पावती देऊन भाडे घेणे, मालकाच्या वतीने आवश्यक दुरुस्त्या करणे, वेळोवेळी पाहणी करणे, नोटिसा देणे आणि मालक-भाडेकरूंमधला वाद सोडवायला मदत करणे, ही त्याची कर्तव्ये तिथे लिहिली आहेत. असा माणूस नेमला तर त्याचे नाव, त्याला दिलेले अधिकार आणि नेमणुकीची मुदत मालकाने भाडेकरूला कळवायची आहे. तरतूद चांगली आहे. पण तो नमुना कायदा आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. तोवर या कामाच्या दारावर एकच पहारेकरी आहे, तो म्हणजे मुलाखत घेणारा मालक.

मालक म्हणेल, मी ओळखीचाच माणूस घेतो, मला परीक्षा कशाला हवी? हे म्हणणे हसून टाकण्यासारखे नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांनी मुंबईला डबेवाले दिले. 1890 पासून चालत आलेल्या त्या कामात नवा गडी बहुधा गावाकडचा, नात्यागोत्यातला, मुकादमाच्या माहितीतलाच घेतला जातो. तिथे ओळखीने माणसे निवडली आणि अख्ख्या जगाने त्यांची वाखाणणी केली. मग खोल्यांच्या कामाला ओळख का पुरत नाही?

कारण डबेवाल्यांच्या कामात ओळखीच्या मागे एक व्यवस्था उभी आहे. डब्यावर खूण असते. डबा पोहोचला नाही तर दुपारी जेवायच्या वेळेलाच कळते. गटातल्या एकाची चूक सगळ्यांच्या मिळकतीवर येते, म्हणून गटच एकमेकांवर लक्ष ठेवतो. ज्याचा डबा चुकला तो गिऱ्हाईक आहे, तो ते काम दुसऱ्याला देऊ शकतो. खोल्यांच्या कामात यातले काहीच नाही. चूक सहा महिने दिसत नाही. भिंतीची ओल, पावतीविना घेतलेले जास्तीचे लाइटबिल, रात्री दारावर मारलेली अवेळी थाप, या गोष्टी भाडेकरू बोलत नाही, कारण बोललो तर खोली जाईल असे त्याला वाटते. शिवाय ओळख मालकाची असते, भाडेकरूची नसते. भावकीतला पोरगा ठेवला तर तो मालकाला फसवणार नाही, हे कदाचित खरे असेल. तो बिहारहून आलेल्या हमालाला फसवणार नाही, याची हमी भावकी देत नाही. उलट तक्रार करायची तर ती मालकाच्या पुतण्याची करावी लागते, म्हणून ती कोणी करतच नाही. ओळखीच्या माणसाला जरूर बोलवावे. फक्त त्याला बाकीच्या उमेदवारांसारखेच बसवावे आणि तेच प्रश्न विचारावेत.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. मुलाखतीत माणूस कळतो कुठे? गोड बोलणारा पास होतो आणि कामाचा माणूस अडखळतो. हा आक्षेप तर अभ्यासाने खरा ठरलेला आहे. अमेरिकेत फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये निवडपद्धतींवरच्या शेकडो अभ्यासांची एकत्र छाननी केली. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. दोन्ही वेळा एक गोष्ट ठळक दिसली. मनात येतील ते प्रश्न विचारून घेतलेली गप्पांची मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज त्यामानाने कमी देते. आधी ठरवलेले, कामाशी थेट जोडलेले, सर्वांना सारखेच विचारलेले आणि उत्तरांना गुण देऊन तपासलेले प्रश्न मात्र अधिक चांगला अंदाज देतात, आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे हीदेखील भरवशाची रीत आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. त्या मुलाखतींत शिफारस आणि चिरीमिरी यांना जागा मिळत होती, म्हणून ते योग्यच झाले. पण खोल्या सांभाळणाऱ्याची लेखी परीक्षा घेऊन भागत नाही. त्याला माणसांशी बोलायचे आहे, दोन बाजूंच्या मध्ये उभे राहायचे आहे. म्हणून मुलाखत हवीच, आणि ती ओसरीवरच्या गप्पांपेक्षा निराळी हवी.

मग विचारायचे काय? माझ्या मते पाच प्रसंग उमेदवारापुढे ठेवावेत आणि प्रत्येकाला तेच ठेवावेत.

पहिला प्रसंग कागदाचा. "करार अकरा महिन्यांचा आहे, मग नोंदणी लागत नाही, असं भाडेकरू म्हणतो. तू काय सांगशील?" अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यातले कलम 55 वेगळे सांगते. भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरले जाते. उमेदवाराला कलमाचा आकडा पाठ नसला तरी हरकत नाही. "मी विचारून सांगतो" म्हणणारा आणि कोणाला विचारणार हे सांगू शकणारा माणूस चालेल. "कशाला खर्च करता, नोटरी करून टाकू" असे ठामपणे सांगणारा चालणार नाही.

दुसरा प्रसंग थकलेल्या भाड्याचा. "टोमॅटोचा भाव पडला, बाजारातलं काम थांबलं. चार नंबरच्या खोलीतल्या हमालाचं भाडं दोन महिने आलेलं नाही. काय करशील?" इथे बरेच उमेदवार मालकाला खूश करायला म्हणतात की लाइट तोडतो, कुलूप लावतो. हे उत्तर ऐकल्यावर त्याला चहा देऊन निरोप द्यावा. जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथे भाडेकरूचे पाणी-वीज असे आवश्यक पुरवठे तोडायला कलम 29 मनाई करते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अंधारात बसवलेला माणूस पैसे कुठून आणणार? चांगला उमेदवार आधी जाऊन विचारीन म्हणतो. काम पुन्हा कधी सुरू होईल ते तो विचारतो, हप्ते पाडून देतो, ठरले ते लिहून दोघांच्या सह्या घेतो, मालकाला त्याच दिवशी कळवतो आणि डिपॉझिट किती दिवस पुरेल तेही सांगतो. त्यानंतरही जमले नाही तर लेखी नोटीस आणि पुढची कायदेशीर वाट. मृदूपणा आणि हिशेब दोन्ही एकाच उत्तरात येतात का, ते पाहायचे.

तिसरा प्रसंग दुरुस्तीचा, आणि तो आमच्या भागाचा आहे. "संध्याकाळी तीन निरोप आले. एका खोलीतला नळ गळतोय. मालकाच्या मित्राच्या खोलीला रंग हवाय. मागच्या बाजूचा, संडासाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा गेलाय. आधी कुठे जाशील?" पुण्यातल्या माणसाला कदाचित नळ महत्त्वाचा वाटेल. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला कळले पाहिजे की मागे ऊस असेल तर तो दिवा त्या रात्रीच लागला पाहिजे. बिबट्या इथे रोजच्या जगण्याचा भाग आहे, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र उभारावे लागले ते त्यामुळेच. नव्याने आलेल्या भाडेकरूला हे ठाऊक नसते, त्याची लहान मुले त्या वाटेने जातात. फ्लॅट सांभाळायचा असेल तर प्रसंग बदलावा: बंद बाथरूममधला गॅस गिझर, धूर जायला वाट नाही, भाडेकरू म्हणतो चालतंय. कोणता धोका जिवावरचा आणि कोणती गैरसोय उद्यावर टाकता येईल, हा फरक ज्याला करता येत नाही त्याच्या हाती घर देऊ नये.

चौथा प्रसंग नवा भाडेकरू निवडण्याचा. "एका रिकाम्या खोलीसाठी चार जण आले. एक मुस्लिम कुटुंब, एकटी राहणारी नर्स, मराठवाड्यातून आलेलं दलित जोडपं आणि मालकाच्या जातीतला एक मुलगा. कागद सगळ्यांचे ठीक आहेत. कोणाला देशील?" 2015 मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरातल्या भाड्याच्या घरांबद्दलचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापला. दलितांना आणि मुस्लिमांना उत्पन्न, नोकरी नीट असूनही घर नाकारले जाते, अटी जाचक लावल्या जातात, भाडे जास्त मागितले जाते, असे त्यात दिसले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात घर शोधलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. नकार बहुतेक वेळा मालक स्वतः देतच नाही, तो मधल्या माणसाच्या तोंडून येतो, आणि पुष्कळदा मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून हा प्रश्न विचारलाच पाहिजे. "जो आधी आला आणि ज्याचे कागद पुरे झाले त्याला" हे उत्तर साधे आहे आणि बरोबर आहे. याच प्रश्नात मालकाचीही परीक्षा होते, कारण उमेदवार उलट विचारू शकतो: "तुम्ही कोणाला नाही म्हणायला सांगणार आहात का?"

पाचवा प्रसंग सगळ्यात अवघड. "भाडेकरूने खोली नीट ठेवली आणि सोडली. मालक म्हणतो, रंगाच्या नावाखाली निम्मं डिपॉझिट कापून घे. तू काय करशील?" या प्रश्नाला उमेदवार गप्प बसेल, मान खाली घालेल. बसू द्यावे, घाई करू नये. कारण विचारणाराच मालक आहे आणि त्याच्या तोंडावर नाही म्हणायचे आहे. जो म्हणेल, "खोली देताना काढलेले फोटो दाखवीन आणि सांगीन की एवढं कापणं बरोबर नाही," तो माणूस आपल्याला हवा आहे. आपल्यासमोर आपल्या चुकीला नाही म्हणणारा माणूस आपल्या पाठीमागे आपले पैसे चोरणार नाही, असा माझा विश्वास आहे. प्रामाणिकपणाचे दोन वेगळे कप्पे नसतात, एक मालकासाठी आणि एक भाडेकरूसाठी.

बोलण्याबरोबर हातचे कामही पाहावे. एका रिकाम्या खोलीची चावी, कागद, पेन आणि अर्धा तास देऊन सांगावे: हिची अवस्था लिहून आण. कोणी "खोली चांगली आहे" एवढेच लिहील. कोणी खिडकीची निखळलेली कडी, मोरीचा उतार, मीटरचा आकडा, पंख्याचा आवाज असे सगळे टिपील. भाड्याच्या वहीचे एक पान द्यावे, त्यात बेरजेची एक चूक मुद्दाम ठेवावी. या वेळेचे पैसे उमेदवाराला द्यावेत, निवड होवो न होवो. आणि चौकशी करताना जुन्या मालकाला फोन करतोच, तसा जुन्या भाडेकरूलाही करावा. तो आपल्याकडे कोणी करत नाही. ज्याच्या घराची चावी या माणसाकडे होती त्याला विचारले तर पाच मिनिटांत जे कळेल ते मालकाला पाच वर्षांतही कळलेले नसते.

येडगावच्या माणसाला ही कसोटी परकी वाटू नये. येडगावच्या जलाशयात कुकडीचे पाणी येते, वरच्या धरणांतले पाणी येते, डिंभ्याचे पाणी कालव्याने येते. इथून निघणारा डावा कालवा सुमारे 250 किलोमीटर जातो, श्रीगोंदा, कर्जत ओलांडून थेट करमाळ्यापर्यंत. त्या पाण्यावर सगळ्यात जास्त वाद होतात ते शेवटच्या टोकाला पाणी पोहोचते का यावरून. म्हणूनच पाणी आधी टेलला द्या आणि मग हेडकडे या, ही मागणी पुन्हा पुन्हा होते. पाटकरी चांगला की वाईट हे धरणाजवळच्या शेतकऱ्याला विचारून कळत नाही, त्याला पाणी मिळतेच. ते शेवटच्या चारीवरच्या माणसाला विचारावे लागते. खोल्या सांभाळणाराही दुसऱ्याच्या मालकीची गोष्ट तिसऱ्यापर्यंत पोहोचवतो. मालकाच्या मित्राच्या खोलीत नळ दुरुस्त झाला यावरून त्याची परीक्षा होत नाही. ती त्या कोपऱ्यातल्या, अर्धे मराठी आणि अर्धे हिंदी बोलणाऱ्या कुटुंबाच्या खोलीत होते.

या विचाराला जगात मोठी परंपरा आहे. 1865 मध्ये लंडनच्या मेरिलबोन भागात ऑक्टेव्हिया हिल या तरुणीने जॉन रस्किन यांच्या पैशांतून गरिबांची तीन पडकी घरे सांभाळायला घेतली. रस्किन यांना वर्षाला 5 टक्के परतावा द्यायचे ठरले होते आणि तो दिला गेला. हिलबाईंची पद्धत साधी होती. भाडे घ्यायला दर आठवड्याला स्वतः जायचे, थकबाकी साचू द्यायची नाही, जिना-छप्पर-गटार यांची दुरुस्ती त्याच हाताने करून घ्यायची, आणि दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशांतून काही उरले तर त्यातून काय सुधारायचे ते भाडेकरूंना विचारायचे. त्या कडक होत्या, भाडे न देणाऱ्याला त्या ठेवत नसत. पण भाडे घेणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस एकच असला पाहिजे, हे त्यांनी पक्के केले. पुढे काम वाढले तेव्हा त्यांनी या कामासाठी स्त्रिया निवडल्या आणि त्यांना हाताशी धरून शिकवले. हे काम म्हणजे शिकून करायचा व्यवसाय आहे, ही कल्पना तिथे रुजली.

त्याच देशात ही शिकवण विसरल्यावर काय झाले तेही पाहावे. रॉचडेलमध्ये एका गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात ओल आणि बुरशी होती. बापाने 2017 पासून सांगितले, त्याला बुरशीवर रंग मारायला सांगण्यात आले. डिसेंबर 2020 मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा गेला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या बुरशीकडे बोट दाखवले. त्यानंतर 2023 च्या कायद्याने तिथल्या सामाजिक गृहसंस्थांतल्या वरिष्ठ व्यवस्थापकांना व्यावसायिक पात्रता सक्तीची करण्याची तरतूद केली. एका मुलाचा जीव गेल्यावर तिथे हे शहाणपण आले. आपण ते आधीच घेऊ शकतो.

हिलबाईंनी स्त्रिया निवडल्या, हे आपल्याला विशेष उपयोगी आहे. खोल्या बघायला माणूस हवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारसायकलवरचा धिप्पाड गडी येतो. पण शेजारच्या राजगुरुनगरात चैतन्य संस्थेने बचत गटांचे काम कधीचे उभे केले आहे, आणि आता गावागावांत गट आहेत. ज्या बाईने दहा-पंधरा वर्षे गटाची वही लिहिली, बैठकीत सगळ्यांसमोर पैसे मोजले, हप्ता चुकलेल्या सखीच्या घरी जाऊन तिची अब्रू राखून पैसे परत आणले, तिने या कामाची अर्धी परीक्षा आधीच दिली आहे. तिला कोणी बोलावतच नाही. मुलाखतीला कोणाला बोलवायचे इथेच निवड निम्मी होऊन जाते, म्हणून जाहिरातीत "गाडी असलेला मुलगा पाहिजे" असे न लिहिता काम लिहावे.

आता मालकाकडे वळतो, कारण मुलाखत दोन्ही बाजूंची असते. चांगला उमेदवार तीन गोष्टी विचारील. न विचारता मला दुरुस्तीवर किती खर्च करता येईल? भाडेकरूंचे डिपॉझिट कुठे ठेवले आहे? माझा पगार कसा ठरणार? पहिल्याला उत्तर नसेल तर तो दिव्यासाठीही फोन करत बसेल आणि मालक लग्नात असेल तर वाट अंधारी राहील. दुसऱ्याला उत्तर नसेल तर डिपॉझिट मालकाने बहुधा खर्च केले आहे, आणि ते मागायची वेळ येईल तेव्हा भाडेकरूचे शिव्याशाप या माणसाला ऐकावे लागतील. तिसरा प्रश्न सगळ्यात खोल जातो. दर नव्या भाडेकरूमागे दलाली आणि वसुलीवर टक्का, असा पगार ठरवला तर आपण त्याला दरवर्षी भाडेकरू बदलायला पैसे देतो आहोत. मग तो जुन्याला टिकू देणार नाही. प्रामाणिक माणूस निवडून त्याला अप्रामाणिकपणाचा मोबदला द्यायचा, हे चालणार नाही. ठरलेला मासिक पगार द्यावा.

"एवढा पगार सहा खोल्यांवर कसा परवडेल?" हा प्रश्न खरा आहे. एकट्या मालकाला नाही परवडणार. पण दूध आपण सोसायटीला घालतो, ऊस सहकारी कारखान्याला देतो. चार-पाच मालकांनी मिळून एक माणूस नीट पगारावर ठेवला तर तो परवडतो, आणि आणखी एक गोष्ट साधते. तो कोणा एकाच्या घरचा राहत नाही, त्यामुळे त्याला नाही म्हणण्याची ताकद येते.

शेवटी एक शंका उरते. असा माणूस भाडेकरूचा होऊन बसेल आणि मालक तोट्यात जाईल. मला तसे वाटत नाही. रिकामी राहिलेली खोली, दर वर्षीची दलाली, वेळेवर न पाहिल्याने फुगलेली दुरुस्ती आणि न नोंदलेल्या करारावरून झालेला दावा, मालकाचा तोटा इथे होतो. वर्षानुवर्षे टिकलेला, वेळेवर पैसे देणारा भाडेकरू हा मालकाचा खरा फायदा आहे, आणि तो माणुसकीने वागवल्याशिवाय टिकत नाही. पण हिशेब जुळला नसता तरी मी हेच लिहिले असते. भाड्याने दिलेली खोली ही मालकाची मालमत्ता असते आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाचे तरी घर असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवू शकणारा माणूस शोधणे, एवढेच या मुलाखतीचे काम आहे.

म्हणून पुढच्या उमेदवाराला बोलावण्याआधी मालकाने एका कागदावर लिहून काढावे: दुरुस्तीच्या खर्चाची मर्यादा, डिपॉझिटची जागा, पगार, आणि जात-धर्म किंवा एकटेपणा पाहून कोणालाही नकार द्यायचा नाही हे वचन. तो कागद उमेदवाराला वाचून दाखवावा, मग त्याची उत्तरे लिहून घ्यावीत. निवडलेल्याला तीन महिने काम करू द्यावे. ते संपल्यावर वसुलीची वही जरूर पाहावी, पण कायम करण्याआधी प्रत्येक खोलीच्या दारात जाऊन, तो सोबत नसताना, आत राहणाऱ्यांना विचारावे. मुलाखतीची ती शेवटची फेरी आहे आणि तिथे परीक्षक भाडेकरू आहेत.